काउंटर-२ वापरात आहे

७ फेब्रुवारी

भाचीचा फोन आला. बहिणीची थोरली. तिची एक वेबसाइट आहे, कुठला संगणक घ्यावा आणि कुठल्याच्या वाटेला जाऊ नये असले सल्ले देते. मला म्हणाली, मामा, लेखमाला लिहा. संगणकावरचे गेम ऑनलाइन कुठून घ्यावेत, कुठलं दुकान चांगलं, कुठलं लबाड. तीन दुकानं निवडायची, वापरून बघायची, शेवटी निकाल द्यायचा. मी म्हटलं, बाई गं, याच दुकानांनी माझं गेमच्या सीडींचं दुकान खाल्लं. तर म्हणे, म्हणूनच तर तुम्ही. तुम्ही त्यांचे लाड करणार नाही.

विचार करून सांगतो म्हणून फोन ठेवला. विचार कसला करायचाय डोंबलाचा! दुकानाला कुलूप लागल्यापासून मी रोज सकाळी दाढी करतो आणि मग कुठेच जायचं नसतं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली की घ्या ते काम, निदान माझ्या डब्यांच्या जागा बदलायचं तरी थांबवाल. संध्याकाळी हो कळवलं. भाचीची अट एकच. ऐकीव काही लिहायचं नाही, सगळं स्वतः करून बघायचं. जे लेखात घालता येणार नाही ते इथे लिहीन म्हणतो.

९ फेब्रुवारी

तीन दुकानं ठरली. लेखात खरी नावं येतील, इथे मी माझी ठेवली आहेत.

पहिलं 'थोरलं'. सगळ्यात मोठं, सगळ्यात जुनं, जे मागाल ते मिळतं. दुसरं 'खिरापतवालं'. हे दर आठवड्याला एक गेम फुकट वाटतं, लोक नुसतं तेवढं घेऊन पळतात. तिसरं 'बिनकुलपी'. हे लहान आहे, जुनेपाने गेम जास्त. पण इथे गेम घेतला की तो अख्खा उतरवून आपल्या घरात ठेवायचा. उद्या ते दुकान बुडालं तरी आपला गेम आपल्याकडे. बाकी दोघं तसं करत नाहीत. ते विकल्यासारखं करतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात.

थोरल्याकडे माझं जुनं खातं आहे. दुकान चालू असतानाच उघडलं होतं, शत्रूच्या गोटात काय शिजतंय ते बघायला. शिवाय खोक्यातली सीडी विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाला गेम चालवून दाखवावा लागायचा, तोही त्यावरूनच दाखवायचो. त्या खात्यात नऊशेवर गेम साठलेत. ते लोक त्याला ग्रंथालय म्हणतात. मी कपाट म्हणतो.

हे सगळं आमच्या चिरंजीवांना तोंडपाठ होतं. त्याची माझी बोलाचाली बंद होऊन तीन वर्षं झाली. भर दुकानात, गर्दीच्या वेळी, एका गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं की हा गेम इथे घेऊ नका, थोरल्यावर अर्ध्या किमतीत मिळेल. माझ्या काउंटरवर उभा राहून! मी चार माणसांसमोर म्हणालो, घरातलाच चोर निघाला. तो काउंटरमागून बाहेर आला, चप्पल घातली आणि गेला. याच शहरात कुठेतरी खोली घेऊन राहतो एवढं माहीत आहे. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. त्यानं आधी फोन करावा, मी उचलीन. उचलणार नाही असं कधी म्हटलंय मी?

१३ फेब्रुवारी

आज परतीची परीक्षा. थोरल्याकडून एक गेम घेतला, थोडा खेळलो, नको म्हणून परत केला. एका शब्दानं विचारलं नाही का म्हणून. पैसे परत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी मी बावीस वर्षं डोक्यावर टांगून बसलो होतो. जीव जळला.

खिरापतवाल्याचंही तसंच, पण त्यांचं दुकान म्हणजे नुसता गोंधळ. हवी ती वस्तू सापडत नाही, गिऱ्हाइकांची मतं वाचायला मिळत नाहीत. फुकट वाटणाऱ्याला वाटतं, मांडणी कशाला करायची. बिनकुलपीवाल्यांनी तर महिना उलटला तरी परत घेऊ म्हणून सांगितलं. मी फोनवर भाचीला म्हटलं, हे लोक भोळे आहेत की श्रीमंत? ती खूप हसली.

गुरुवार म्हणून ही तिच्या बहिणीकडे गेली होती. हल्ली दर गुरुवारी जाते, भला मोठा डबा भरून. बहिणीची तब्येत बरी नसते म्हणे. आजारी माणसाची भूक मात्र दांडगी दिसते.

१९ फेब्रुवारी

एक विचित्र प्रकार. दुपारी जेवून थोरलं उघडलं तर मधोमध पाटी: 'तुमचं ग्रंथालय दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.' खाली त्या संगणकाचं नाव: काउंटर-२.

काउंटर-२ म्हणजे माझ्याच दुकानातला दुसरा संगणक. ते नाव मीच दिलेलं. गिऱ्हाइकांना गेम दाखवायला मीच तो थोरल्याच्या खात्याला जोडला होता. दुकान आवरलं तेव्हा फळ्या, काचा, संगणक सगळं भंगारात गेलं. ते काम हिनं बघितलं, माझ्याच्यानं बघवत नव्हतं. म्हणजे भंगारवाल्यानं तो कुणाला तरी विकला आणि तो कोण लेकाचा माझ्या कपाटातले गेम फुकटात खेळतोय!

थोरल्याची सोय अशी आहे. खात्याला जोडलेल्या संगणकावर दुसऱ्या कुणीही मालकाचे गेम खेळावेत, पण एका वेळी एकानंच. मालकानं गेम सुरू केला की दुसऱ्याला पाटी जाते: मालक आले आहेत, आवरा. मग पाच मिनिटांत त्याला बाहेर पडावं लागतं. मी एक गेम सुरू केला. तो मुकाट्यानं गेला. पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत.

तिथे माणसाचं नाव दिसत नाही, फक्त संगणकाचं. हा थोरल्याचा मोठा दोष. टिपून ठेवला.

२० फेब्रुवारी

हिला चोराचं सांगितलं. कपडे वाळत घालत होती, थांबली. म्हणाली, "असेल कुणीतरी. खेळू दे ना." मी म्हटलं, वा! उद्या कुणी येऊन आपल्या पलंगावर झोपलं तर झोपू देशील? मग तिनं विचारलं की तुम्ही सुरू केल्यावर त्याला तिकडे काय दिसतं. मी पाटीचं सांगितलं. रात्री जेवताना पुन्हा तेच विचारलं. हिला गेममधलं काडीचं कळत नाही, पण हे दोनदा विचारलं.

२५ फेब्रुवारी

पहिला लेख आला. परतीविषयीचा. पाटीचा किस्सा लोकांना आवडला. भाची खूश.

चोर रोज येतो. दुपारीच येतो, दुकानात शुकशुकाट असायचा त्या वेळी. आणि नऊशे गेम समोर असताना खेळतो काय, तर 'बंदर'! हा इतका जुना गेम आहे की तो आता कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. एक लहान बंदर सांभाळायचं. होड्या येतात, माल उतरतो, संध्याकाळी दिवा लावायचा. मारामारी नाही, शर्यत नाही. मी आणि चिरंजीव काउंटरवर माशा मारत बसलो की तो खेळायचो, मी एक नंबरवर, तो दोनवर. माझं बंदर नेहमी तुंबलेलं असायचं आणि त्याचं लख्ख.

चोराला चवच नाही. एखादा नवा, चकचकीत गेम खेळला असता तर मला त्याची कीव तरी आली नसती.

२ मार्च

आज मजा झाली. कबूल करायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

दुपारी थोरलं उघडलं, पाटी दिसली. मी 'बंदर'च सुरू केलं. तो गेला. मी लगेच बंद केलं. थोड्या वेळानं पाटी पुन्हा आली, म्हणजे तो परत आला. मी पुन्हा सुरू केलं, तो पुन्हा गेला. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की तोही तिकडे हसत असणार. लपाछपीच झाली ती. ही दारातून बघत होती, काय झालं म्हणाली, एकटेच हसताय ते? मी म्हटलं, चोराला पळवतोय. तिनं चहा करून आणला, न मागता. बऱ्याच दिवसांनी दुपार बरी गेली.

नंतर वाटलं, आपण हे काय चालवलंय. आपली वस्तू, आपलं कपाट, आणि आपण परक्या माणसाशी खेळत बसतो. इतकं का एकटं वाटतंय मला?

५ मार्च

गुरुवार. ही बहिणीकडे गेली आणि तिच्या बहिणीचाच घरी फोन. ताई आहे का म्हणाली. मी म्हटलं, तुमच्याकडेच निघालीय, पोहोचेल इतक्यात. ती आधी म्हणाली, माझ्याकडे? मग म्हणाली, हो हो, येईलच. आजारपणानं बाईचं लक्ष ठिकाणावर राहिलेलं नाही. आवाज मात्र खणखणीत होता.

आज दुपारी चोर आला नाही. गुरुवारी येत नाही असं लक्षात आलं. त्याची सुट्टी असावी त्या दिवशी. मी उगाच दोनदा बघून आलो.

१० मार्च

भाचीला पुढचा लेख हवाय सुरक्षेवर. खात्यात कुणी घुसलं तर कुठलं दुकान काय करतं. मी चोराचं सांगितलं तर ती उडालीच. म्हणाली, मामा, हे सोनं आहे, याच्यावरच लिहा. त्याला पकडा, तक्रार करा, काढून टाका, प्रत्येक पायरी दाखवा. लोक तुटून पडतील.

मी म्हटलं, काढून टाकायलाच हवं का? स्वतःचंच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, नाहीतर लेखाला शेवट काय?

थोरल्याला तक्रार लिहिली. तासाभरात उत्तर: तो संगणक तुम्हीच जोडलेला आहे, तुम्हीच काढू शकता, कळावे. म्हणजे माझ्याच हातात आणून दिलं.

१४ मार्च

लेख लिहून झाला. नाव दिलं 'माझ्या कपाटातला चोर'. चांगला जमलाय. भंगारवाल्याचं आलंय, चोराच्या आवडीचं आलंय, लपाछपीचं आलंय. लपाछपीत मीच जिंकलो असं थोडं वाढवून लिहिलं.

हिला वाचून दाखवला. पूर्ण ऐकलाच नाही तिनं. मधेच म्हणाली, "नका छापू. आणि त्याला काढूही नका. माझं एवढं ऐका." मी विचारलं का. ती म्हणाली, असंच. मी म्हटलं, असंच म्हणून जगात काही होत नाही, मला काम आहे आणि त्याला शेवट लागतो. काहीतरी बोलायचं होतं तिला, ओठापर्यंत आलं होतं. मग म्हणाली, निदान गुरुवारपर्यंत थांबा. गुरुवारी काय आहे, तर सांगेना.

हिचं नेहमीचंच. कुणाचीही दया येते तिला.

१६ मार्च

थांबलो नाही. भाची घाई करत होती.

ही भाजी आणायला गेली तेव्हा थोरलं उघडलं. पाटी होतीच, चोर 'बंदर' खेळत होता. जोडलेल्या संगणकांची यादी काढली, काउंटर-२ समोरचं 'काढून टाका' दाबलं. खात्री आहे का, असं एकदा विचारलं. आहे म्हटलं. पाटी गेली. खेळता खेळताच बंद पडलं असेल त्याचं, मधेच.

इतकं सोपं आहे. थोरल्याला या बाबतीत पैकीच्या पैकी. लेखात शेवटचा परिच्छेद घातला आणि पाठवून दिला.

दुपार लांबलचक वाटली.

१८ मार्च

लेखावर लोक तुटून पडले, भाची म्हणाली तसंच. बरोबर केलंत, असल्यांना असंच पाहिजे, वगैरे. एकानं मात्र लिहिलं होतं, 'तो बिचारा मालक आले की उठून जात होता ना? मग चोर कसा?' शहाणा कुठला. सगळी मतं दोन वेळा वाचली. चिरंजीवही वाचत असेल का, असं मनात आलं. वाचावं त्यानं. बाप घरी बसलेला नाही हे कळू दे.

हिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. ताट वाढते, उचलते. मी म्हटलं, अगं, एका भंगारातल्या चोरासाठी? तर उठून आत गेली.

१९ मार्च

गुरुवार. ही सकाळीच गेली, डबा न घेता. रात्र झाल्यावर आली. डोळे सुजलेले. बहिणीचं जास्त आहे का विचारलं. मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

२७ मार्च

बाकीच्या परीक्षा उरकल्या. खिरापतवाल्याचा फुकटचा गेम घेतला, उघडलाही नाही. फुकट मिळालेलं माणूस वापरत नाही, माझ्याकडे आता त्यांचे सहा गेम पडून आहेत. बिनकुलपीकडून 'बंदर' विकत घेतलं, उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवलं. आता हा गेम खरोखर माझा. कुणाला पाटी नाही, कुणाची परवानगी नाही. खेळून बघितला. दिवा लावायचं विसरलो आणि सगळ्या होड्या अंधारात आपटल्या.

हे नेहमी चिरंजीव ओरडून सांगायचा. बाबा, दिवा.

३ एप्रिल

हे कसं लिहू कळत नाही. क्रमानं लिहितो.

संध्याकाळी ही टॅक्सीतून उतरली. टॅक्सीवाल्यानं मागून एक संगणक काढून दारात ठेवला. मी बघितलं तर काउंटर-२. डाव्या कोपऱ्याचा टवका तसाच, बाजूला माझ्या दुकानाचं अर्धं खरवडलेलं लेबल. मला पहिल्यांदा काय वाटावं? वाटलं, हिनं चोर शोधून काढला! मी शाबासच म्हणणार होतो. कप्पाळ माझं.

ती खुर्चीवर बसली, पदर आवरला नाही की पाणी मागितलं नाही. म्हणाली, भंगारात दिलाच नव्हता. त्याला दिला होता, त्याच्या खोलीवर. तुमच्या दुकानातलं काहीतरी त्याला हवं होतं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून त्यानं माझ्याकडून वचन घेतलं होतं.

मी उभाच होतो.

"त्याला वाटत होतं, तुम्हाला माहीत आहे," ही म्हणाली. "नाव तुम्हीच ठेवलेलं त्या यंत्राचं. तो म्हणायचा, बाबा बोलत नाहीत पण दार उघडं ठेवलंय. तुम्ही सुरू केलं की त्याला तिकडे दिसायचं आणि तो उठायचा. मला सांगायचा, आज बाबा आले होते. ज्या दिवशी तुम्ही दोघं लपाछपी खेळलात, त्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. लहानपणी हसायचा तसा हसत होता."

समुद्रापलीकडे कुठेतरी संगणकांची देखभाल करायची नोकरी त्याला मिळत होती. तीन वर्षांचा करार. दोन महिने जाऊ की नको करत होता. त्या गुरुवारी ही त्याला घेऊनच येणार होती घरी. तो तयार झाला होता. पण सोमवारी मी त्याला काढलं, आणि मग लेख आला.

लेख वाचून तो काय म्हणाला, मी विचारलं.

"म्हणाला, आई, परत तोच शब्द."

मी म्हटलं, मला काय माहीत तो तो होता! ओरडून म्हटलं. ती ओरडली नाही. म्हणाली, काउंटर-२ वर दुपारी बसून बंदर कोण खेळतं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. मी वचनात अडकले होते. तुम्ही कशात अडकला होता?

तो आज सकाळी गेला. नंबर तिनं दिला, मी लावला. बंद होता. विमानात असेल.

४ एप्रिल

काही नाही. नंबर लावला. बंद.

मागची पानं वाचली. गुरुवारी चोर येत नाही, असं मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. गुरुवारी तो आईबरोबर जेवत होता. मी मूर्ख आहे, दुसरं काही नाही.

९ एप्रिल

त्याचा फोन आला, हिच्या फोनवर. ती बोलली, मग न विचारता फोन माझ्या हातात दिला.

तीन वर्षांनी आवाज ऐकला. जरा जाड झालाय. दिवसभर मी काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना. विचारलं काय, तर तिकडे नेट कसं आहे. बरं आहे म्हणाला. मग मी म्हटलं, तो लेख मी काढायला लावला. म्हणाला, कशाला, चांगला लिहिला होता. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं रे. तो म्हणाला, आईनं सांगितलं. त्यात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

मी म्हटलं, तिकडे नवा संगणक घे, त्याचं नाव कळव, मी जोडतो. सगळं कपाट तुझंच आहे.

"इथे खेळायला वेळ नसतो, बाबा," तो म्हणाला. "बघतो."

बघतो म्हणजे काय ते मला माहीत आहे. बावीस वर्षं काउंटरमागे होतो. गिऱ्हाईक 'बघतो' म्हणून बाहेर पडलं की ते परत येत नाही.

२० एप्रिल

भाचीला शेवटचा लेख हवाय. निकाल. आणि शेवटची परीक्षा म्हणून थोरल्यावरचं खातं कायमचं बंद करून दाखवा म्हणते, ते किती सुखासुखी जाऊ देतात ते लोकांना बघायचंय. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मामा, तुम्हीच तर लिहिलंत की तिथे काहीच आपलं नसतं. हो, लिहिलं. तरी नाही. तिनं फार ताणलं नाही, हिनं तिला काहीतरी सांगितलेलं दिसतं.

निकाल लिहून दिला. पहिला नंबर बिनकुलपी. जे घ्याल ते तुमचं, घरात ठेवा, कुणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. दुसरं थोरलं, तिसरं खिरापतवालं. प्रामाणिक निकाल आहे, चिरंजीवानं त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं तेवढाच प्रामाणिक. गिऱ्हाइकाला खरं सांगायचं, हे तो माझ्या आधी शिकला आणि त्याबद्दल मी त्याला हाकललं.

एक गोष्ट लेखात घातली नाही. बिनकुलपीवर कुणी आलं-गेलं कळत नाही. ज्याचा त्याचा गेम, ज्याचं त्याचं घर. तिथे पाटी येत नाही.

२३ एप्रिल

गुरुवार. ही घरीच होती. आता कुठे जाणार?

काउंटर-२ पुसला. आतल्या खोलीत, खिडकीखाली त्याचं जुनं टेबल होतं त्यावर ठेवला, वायरी जोडल्या. सुरू झाला. थोरल्यावर जाऊन यादीत पुन्हा घेतला. खात्री आहे का, असं या वेळी विचारलं नाही. घेताना विचारत नाहीत, काढतानाच विचारतात.

त्याचं बंदर होतं तिथेच, जसं त्या सोमवारी मधेच बंद पडलं तसं. एक होडी धक्क्याच्या जरा अलीकडे उभी होती. सगळं लख्ख. दिवा लावलेला.

ते तसंच चालू ठेवून बाहेरच्या खोलीत माझ्या संगणकापाशी आलो. थोरलं उघडलं. मधोमध पाटी आली: 'तुमचं ग्रंथालय दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. काउंटर-२.'

ही मागे येऊन उभी राहिली. तिनं पाटी वाचली. तिला आता ती वाचता येते. स्टूल ओढून शेजारी बसली.

दुपार संपेपर्यंत मी काही खेळलो नाही. मी सुरू केलं की तो उठून जातो.